पुळ्याची पायी वारी

पहाटे चारला रत्नागिरीतून निघालो. साखरतरच्या पुलावर पोचलो तरी काळोख तसाच. माघ शुद्ध चतुर्थी. तृतीयेची कोर रात्रीच मावळून गेलेली. आम्ही सोळा-सतरा जणं, हातात बॅटऱ्या, आणि सगळ्यांच्या पुढे खारवीवाड्यातल्या काकी. वय सत्तरीच्या पुढे, चपला पिशवीत. समुद्राच्या कडेकडेने गणपतीपुळे पंचवीसेक किलोमीटर. आमच्याकडे कुणी ‘गणपतीपुळ्याला’ म्हणत नाही, नुसतं ‘पुळ्याला’ म्हणतात. माघी गणेश जयंतीला पुळ्याला चालत जाणं, हीच आमची वारी.

गेल्या वर्षी मी आले नव्हते. खरं सांगायचं तर देवावर रागावले होते. ऐन मोहोरात आठ दिवस धुकं पडलं, मागोमाग तुडतुडा ही कीड आली आणि आमच्या आंब्याच्या चाळीस कलमांपैकी निम्म्यांचा मोहोर काळा पडला. फवारण्यांचे पैसेही निघाले नाहीत.

बसणीजवळ एकदम मोहोराचा वास आला. झाड दिसत नव्हतं, रस्ता धड दिसत नव्हता, वास मात्र अंगावर आल्यासारखा. मी थांबले. लेक बारावीला आहे, सायन्सला. ती म्हणाली, “आई, एका तुऱ्यात हजारांनी फुलं असतात. बहुतेक नर. त्यातून धरतो एखाद-दुसरा आंबा.” मला ते माहीत आहे, जन्म बागेत गेलाय. पण तिच्या तोंडून ऐकताना वाटलं, केवढं हे देणं! उरलेली हजार फुलं फळाला येणार नाहीत, तरी वास त्यांचाही तेवढाच. रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसालाही मिळतो.

काळबादेवीला उजाडलं. पुढे आऱ्याला सुरूच्या बनात बसून भाकरी खाल्ली आणि वाळूत उतरलो. नऊचा सुमार, पाणी खूप आत गेलेलं. ओली वाळू चकचकत होती.

“बाय गो, पायाखाली बघ हां,” काकी ओरडल्या.

पाहते तर सगळी पुळण रांगोळीने भरलेली. करंगळीच्या नखाएवढे खेकडे. प्रत्येकाचं एक बीळ आणि त्याभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या, किरणांसारख्या ओळींत मांडलेल्या. मी उकिडवी बसले. हालले नाही तेव्हा एकेक जण हळूच बाहेर आला. नांगीने वाळू उचलायची, तोंडाशी चाळायची, तिच्यातलं शेवाळ-बिवाळ खायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे सारायची. बिळाकडे परतायची वाट मात्र कायम मोकळी. एकाही खेकड्याने ती वाट बुजवलेली नव्हती.

“हे खाणं चाललंय त्यांचं, नक्षी नाही,” लेक म्हणाली. “यात देव कुठे आला?”

तिचं बोलणं बरोबर होतं, आणि मला तिचा प्रश्न आवडला. मी म्हटलं, “मला तर यातच दिसतो. पोट भरता भरता त्याच्याकडून इतकं नेटकं होतं, आणि ते पाहून माझे डोळे भरतात. या दोन्ही गोष्टी एकाच हातच्या आहेत असं मला वाटतं.” कारण कळलं की देव कमी होतो, असं मला कधीच वाटलेलं नाही. आंबा कसा धरतो ते कळल्यापासून मी झाडाला जास्तच हात जोडते.

“मग धुकं कोणी पाडलं?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तसं सांगितलं. ती काही बोलली नाही, पण उठताना गोळ्या मोडू नयेत म्हणून वळसा घालून गेली.

काकींना मात्र घाई होती. “तिथीचा पाऊणपट कर. चवथ, म्हणजे तीन. तीनच्या आसपास भरती. तेच्या आधी पुळ्यात पोचाया हवा.” कधी शाळेत न गेलेल्या बाईचं हे गणित. नवऱ्याची होडी चाळीस वर्षं या हिशोबावर आत-बाहेर झाली. चंद्र तिकडे वर, पाणी इथे खाली, आणि मधला हिशोब काकींच्या तोंडपाठ.

वारे गावचा चढ चढताना ऊन लागलं. वरून आरे-वारेच्या दोन्ही पुळणी दिसतात; तिथे सगळे फोटो काढतात, आम्हीही काढले. पुढचं नेवरे, भंडारपुळे पाय ओढत झालं.

पुळ्याला डोंगरच गणपती आहे. म्हणून प्रदक्षिणा गाभाऱ्याला घालत नाहीत, अख्ख्या डोंगराला घालतात, किलोमीटरभराची. दर्शनाच्या रांगेत दीड तास गेला. मूर्तीपुढे क्षणभरच उभं राहता आलं. प्रदक्षिणेला मात्र कुणी हटकत नाही. अनवाणी निघाले. उजव्या हाताला कातळ, त्याच्या फटीतून आलेली झाडं, मुळांवर मुंग्यांची रांग. एका जागी मी कातळाला तळहात लावला. उन्हात असूनही आतून गार होता. तिथेच म्हटलं, “बाप्पा, गेल्या वर्षी आले नाही. रागावले होते.” मनात नाही, मोठ्याने म्हटलं. मागून येणाऱ्या बाई बाजूने निघून गेल्या.

प्रदक्षिणा संपवून समुद्रावर आलो तर पाणी चढत होतं. सकाळी आऱ्याला पाहिली तशी रांगोळी इथेही वरच्या कोरड्याशा पट्ट्यात थोडी उरली होती. लाट आली, परतली, आणि वाळू सपाट. लेकीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग काकींकडे पाहिलं. तीन वाजायला अजून दहा मिनिटं होती.