आळंदी ते पंढरपूर, पायांच्या बाजूने

वडकीचा विसावा सुटला आणि उजव्या टाचेला चटका बसायला लागला. तेव्हाच बाजूला झाले असते तर दोन मिनिटांचं काम होतं: मोजा काढायचा, पाय कोरडा पुसायचा, कागदी चिकटपट्टी लावायची. पण टाळ रंगात आला होता, समोर दिवेघाट दिसत होता. म्हटलं, माथ्यावर बघू. माथ्यावर मोजा काढला तर टाचेवर रुपयाएवढा फोड.

पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यांत लांबचा टप्पा, तीसेक किलोमीटरचा. त्यात घाट, त्यात एकादशी. आणि हे चालायला लागून दुसऱ्याच दिवशी! पुढच्या वर्षी निघणाऱ्यांनी एवढं एक तरी ध्यानात ठेवावं: चटका म्हणजे फोड यायच्या आधीचा निरोप असतो. दिंडी कुठं पळून जात नाही, पुढच्या विसाव्याला गाठता येते.

सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्री असतो, म्हणून निभावलं. फोड लहान असेल आणि दुखत नसेल तर त्याला हातच लावू नये, आतली कातडी त्याच्याखाली सुरक्षित असते. माझा टचटचीत भरला होता. साबणाने हात-पाय धुतले, नवी निर्जंतुक सुई घेतली, फोडाच्या कडेला दोन ठिकाणी टोचून पाणी दाबून काढलं. वरची कातडी तशीच ठेवली, मलम लावलं आणि पट्टी बांधली. दिंडीतल्या एका काकांचा आग्रह होता की सुईत दोरा ओवून तो फोडातच ठेवावा, म्हणजे पाणी झिरपत राहतं. नाही ठेवला. त्याच दोऱ्यावरून रस्त्याची घाणही आत जाते. मधुमेह असेल त्यांनी तर हा सुईचा उद्योग स्वतः करूच नये. पायांची संवेदना कमी झालेली असते, जखम चिघळली तरी कळत नाही. त्यांनी रोज रात्री आरसा धरून तळवे बघावेत आणि काही दिसलं तर थेट वाटेवरच्या आरोग्य केंद्रात जावं. अनवाणी चालायचा नवस त्यांनी बोलू नये, माउली रागावणार नाहीत.

चूक माझीच होती. बूट आठ दिवसांपूर्वी घेतलेले, तेही सकाळी, अगदी मापाचे. दिवसभर चालून पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून, आणि निदान महिनाभर वापरून मगच न्यावेत. नखं सरळ कापावीत, कोपरे कोरू नयेत.

वाल्हे ते नीरा पावसाने झोडपलं. लोणंदला पोचेपर्यंत निम्म्या दिंडीच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. याला औषधापेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा. मोज्यांचे तीन जोड न्या, एक कायम प्लॅस्टिकच्या पिशवीत, फक्त झोपताना घालायचा. मुक्कामी पोचल्यावर आधी पाय धुऊन बेचक्या पुसायच्या, मग चहा. खाज आणि पांढरी कातडी दिसली तर क्लोट्रिमॅझोलचं, म्हणजे बुरशीवरचं, मलम दिवसातून दोनदा, आणि बरं वाटलं तरी लगेच बंद करायचं नाही.

माझ्या शेजारी झोपणाऱ्या परभणीकडच्या आजी साध्या चपलांवर चालत होत्या. फोड एकही नाही. मला हेवा वाटायचा, पण एका रात्री त्यांच्या टाचा बघितल्या. भेगांत काडी मावली असती, दोन भेगांतून रक्त येत होतं. "माउली, हे आता माझ्यासंगंच जायचं," म्हणाल्या. माझ्याजवळ रत्नागिरीहून आणलेला भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचा, गोळा होता. कोमट पाण्यात पाय भिजवून, पुसून, वितळवलेलं भिरंडेल भरायचं आणि वर मोजा. फलटणपर्यंत रक्त थांबलं. भिरंडेल नसेल तर साधं व्हॅसलिन चालतं.

सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत खिळा ठोकल्यासारखं दुखत असेल, तर तो तळव्याच्या पट्ट्याचा त्रास. उठण्याआधी टॉवेल तळव्याला अडकवून पाय स्वतःकडे ओढायचा, पोटऱ्या ताणायच्या; रात्री गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. गावोगाव चरणसेवा करणारी माणसं तेल लावून पोटऱ्या चोळतात. पहिल्यांदा फार संकोच वाटतो. करून घ्या. थकलेल्या पायाला तो हात औषधच आहे.

मुरगळलेल्या पायाला मात्र नाही, आणि हे मला वेळापूरला कळलं. वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर वारकरी धावतात, तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला म्हणून. तो धावा! कोण चालत उतरणार? मीही पळाले, एका दगडावरून डावा पाय आत वळला आणि घोटा लिंबाएवढा सुजला. दोघीतिघी लगेच तेल घेऊन सरसावल्या. ताज्या मुरगळीला पहिले दोन दिवस चोळणं नाही, शेक नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, बोटांपासून वर घट्ट-सैल बघून क्रेप बँडेज, आणि झोपताना पाय उशीवर. केंद्रातल्या डॉक्टरांनी घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड आणि करंगळीच्या बाजूचं हाड दाबून पाहिलं, मग चार पावलं चालायला लावलं. हाडावर दाबून दुखलं असतं किंवा चार पावलं टाकता आली नसती, तर एक्स-रे काढावा लागला असता.

पुढचे दोन दिवस दिंडीच्या ट्रकमध्ये, तंबूच्या बांबूंवर बसून गेले. ठाकूरबुवांच्या समाधीपाशीचं रिंगण हुकलं. बाजीराव विहिरीचं ट्रकच्या टपावरून पाहिलं, घोडा दिसला, टापा ऐकू आल्या नाहीत. वाखरीहून शेवटचं अंतर बँडेज बांधून, आजींच्या खांद्यावर हात ठेवून चालले. आजी वाटेत दोनदा थांबल्या, माझ्यासाठी नव्हे, चपलेचा अंगठा तुटला म्हणून.