तुम्ही विचारलंत म्हणून: ही खुर्ची नक्की कोणाची?

फोटो येतो तो समोरून. नुकतीच पॉलिश केलेली, उन्हात ठेवलेली खुर्ची आणि खाली एकच ओळ: 'ही कोणाची?' एकदाचं नीट सांगते. हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. आराखडा कोणी काढला आणि वस्तू कुठे घडली. दुसऱ्याचं उत्तर वस्तूवर सापडू शकतं. पहिल्याचं बहुतेकदा कागदांत असतं, आणि ते कागद खुर्चीसोबत येत नाहीत.

आधी उलटी करा. टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून तिरकी धरा, म्हणजे निम्मा घासला गेलेला डागही सावलीने उठून दिसतो. सीटच्या चौकटीची आतली बाजू, गादीखालच्या पट्ट्या, ड्रॉवरच्या तळाची खालची बाजू, कपाटाची पाठ, सगळं बघा. पण पुसू नका. शाईचा शिक्का ओल्या फडक्यानेही जातो. लेबल गळून पडलं असेल तर मागे राहिलेला वेगळ्या रंगाचा चौकोन मोजून ठेवा, त्याचाही उपयोग होतो.

नाव सापडलं की काळही थोडा हाती लागतो. 'फ्रान्स अँड डावरकोसेन' या डेन्मार्कच्या फर्निचर कंपनीचं नाव १९५७ मध्ये बदलून 'फ्रान्स अँड सन' झालं, म्हणजे पहिला शिक्का असलेली वस्तू सहसा त्याआधीची. 'डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल' हा शिक्का दिसला की मात्र लोक उगाच हरखतात. ती दर्जाची खूण आहे, कारागिराची सही नव्हे. स्क्रूही बघा. खाचेच्या फुलीमध्ये आणखी बारीक तिरक्या रेघा असतील तर तो पॉझीड्राइव्ह, १९६० च्या दशकात आलेला. १९५० च्या म्हणवणाऱ्या खुर्चीत तो असेल तर खुर्ची नंतरची आहे किंवा दुरुस्त झालेली आहे. दोन्ही शक्यता उघड्या ठेवा.

डॅनिश डिझायनर हान्स वेग्नरची १९४९ ची गोल पाठीची खुर्ची घ्या. आधी योहानेस हान्सनच्या कार्यशाळेत बनायची, पुढे पीपी मोब्लर बनवू लागले. तेव्हा 'वेग्नरची' हे उत्तर खरं असूनही निम्मंच.

आणि आता चंदिगड. तुमच्यातल्या निम्म्यांना खरं तर हेच विचारायचं असतं. नव्या शहरातल्या सरकारी इमारतींसाठी बनवलेलं फर्निचर: उलट्या व्हीसारखे पाय, सागवान, वेताची विणलेली सीट. शहराचा आराखडा करणारे वास्तुविशारद ल कार्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जेनेरे १९५१ ते १९६५ तिथे होते आणि या फर्निचरला त्यांचं नाव चिकटलं. पण काम एकट्याचं नव्हतं. त्या चमूत युली चौधरींसारखे भारतीय वास्तुविशारद होते. खुर्च्या बनवल्या अनेक कार्यशाळांनी, म्हणून मापं थोडी पुढेमागे होतात. पुढे कित्येक नग भंगारात लिलावाला निघाले, बाहेर त्यांना भलतेच भाव आले, आणि २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने विक्रीला मनाई केली. भाव आला की नकला येणारच.

पाठीवर रंगवलेली कार्यालयाची अक्षरं आणि नोंदणी क्रमांक हा पुरावा मानतात. मीही मानायचे. आता आधी भिंगातून बघते: ओरखडा रंगाला कापून गेलाय की रंग ओरखड्यात उतरलाय? रंग आत भरला असेल तर अक्षरं ओरखड्यानंतरची. पण त्यावरून खुर्ची नकली ठरते का? नाही. कार्यालयं नंबर बदलत असतात. वेत पुन्हा विणलेला असतो, कुजलेला पाय बदललेला असतो. जुनी चौकट आणि नवे पाय असतील तर खुर्ची जुनी म्हणायची का, यावर माझंच माझ्याशी जमत नाही. आणि समजा सगळं अस्सल निघालं, तरी त्या अक्षरांनी सिद्ध होतं ते एवढंच की खुर्ची त्या कार्यालयात होती. ती कोणी आखली, हे ती सांगत नाहीत.

पूर्वी मी बेधडक 'पिएर जेनेरे' लिहायचे. आता 'चंदिगड प्रकल्प, श्रेय पिएर जेनेरे यांना दिले जाते, कार्यशाळा अज्ञात' असं लिहिते. 'एवढं लांब? म्हणजे तुम्हाला माहीत नाही,' असं लगेच ऐकवलं जातं. मला ती ओळ अजूनही आखूडच वाटते, चौधरी तिच्यात कुठेच नाहीत. पण पुरावा नसताना त्यांचं नाव तिथे घातलं, तर मी तेच करीन जे जेनेरेंच्या नावाचं झालं.