फाइलवर पीसीओडी, समोर वेगळीच मुलगी

आई फाइल उघडतच आत आली. "हिला पीसीओडी आहे, डॉक्टर. हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की पाळी येते, थांबवल्या की बंद. आयुर्वेदाने मुळापासून बरं होतं म्हणतात, म्हणून आलो." कुणाच्या तरी सल्ल्याने कांचनार गुग्गुळ (मेद, गाठी कमी करायला देतात ते औषध) आणि एकवेळ जेवण आधीच सुरू होतं.

पीसीओडी, म्हणजे अंडाशयांत बारीक फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) दिसणं आणि पाळी लांबणं, असं म्हटलं की आम्हा वैद्यांचा एक साचा ठरलेला असतो. कफ आणि मेद वाढला, मार्ग अडला, बीज पिकेना; मग लेखन (मेद खरवडणारी औषधं), लंघन (उपास, हलका आहार), उद्वर्तन (कोरड्या चूर्णाने अंग चोळणं). वजन जास्त असलेल्या बऱ्याच जणींना हे लागूही पडतं. वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी कित्येकींची पाळी सुधारते. श्रेय काढ्याला जातं, तो भाग वेगळा.

ही मुलगी मात्र पंखा बंद करायला सांगून स्वेटरमध्ये बसली होती. नाडी पाहायला हात धरला तर गार. ठोके मिनिटाला जेमतेम पन्नास. मनगटावरचं घड्याळ शेवटच्या भोकात अडकवूनही कोपराकडे घसरत होतं. पीसीओडीच्या नेहमीच्या खुणा पाहाव्यात तर मानेवर काळपटपणा नाही, हनुवटीवर राठ केस नाहीत, मुरुमं नाहीत. उलट हातांवर उपासमारीत येते तशी बारीक मऊ लव.

"व्यायाम काय करतेस?"

"पळते. रोज."

"आणि खातेस काय?"

तिने आईकडे पाहिलं. मी आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मग कळलं, पाळी बंद व्हायच्या आधी तिने वजन झपाट्याने उतरवलं होतं, आणि एखादा दिवस पळणं चुकलं तर त्या दिवशी ती जेवणच गाळायची.

सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत बारीक फॉलिकल होती, हे खरं. पण नुसत्या त्या चित्रावरून पीसीओएस (पीसीओडीचंच दुसरं नाव) ठरत नाही. 2003 च्या रॉटरडॅम निकषांत तीनपैकी दोन गोष्टी लागतात, आणि त्याही पाळी लांबण्याची बाकी कारणं वगळल्यावर. पोषण तुटल्याने पाळी थांबलेल्या मुलींच्या अंडाशयांतही असं चित्र बरेचदा दिसतं. गर्भधारणेची चाचणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन करून घेतलं. ते ठीक होतं. पाळी चालवणारी एलएच आणि इस्ट्रॅडिऑल ही हार्मोन मात्र दोन्ही कमी निघाली.

आयुर्वेदात आर्तव (पाळीचा स्राव) हा रसाचा, म्हणजे अन्नातून बनणाऱ्या पहिल्या धातूचा, उपधातू. रसच आटला तर आर्तव येणार कुठून? सुश्रुताने आर्तवक्षयात (पाळी कमी होण्यात) शोधन आणि आग्नेय (उष्ण) द्रव्यं सांगितली आहेत, पण तेवढंच पाठ करून हिला तीक्ष्ण औषधं देणं म्हणजे उरलंसुरलंही जाळणं. गुग्गुळ त्याच दिवशी बंद केला. पळणं थांबवायला सांगितलं, त्यावर ती रडली. तीन वेळा पोटभर जेवण, दुधातून शतावरी, अभ्यंग (तेलाने मालिश), पुढे मात्राबस्ती (गुदमार्गे थोडं तेल देणं). हाडांची घनता तपासायला आणि खाण्याच्या भीतीसाठी समुपदेशनाला वेगळं पाठवलं. ते माझ्या औषधांनी भागणारं नव्हतं.

आईंना पटायला वेळ लागला. "पीसीओडीत वजन वाढवतात होय?" हा प्रश्न त्यांनी प्रत्येक भेटीत विचारला.

वजन हळूहळू भरलं, हात उबदार झाले, आणि बऱ्याच महिन्यांनी गोळीविना पाळी आली. पहिल्यांदा अगदी थोडी, पुढच्या वेळी नीट. रिपोर्टवरचं 'पीसीओडी' खोडून द्या, असा तिचा हट्ट होता. ते मला खोडता येत नाही. माझ्या केसपेपरवर मात्र 'रसक्षयजन्य आर्तवक्षय' लिहिलं आहे, आणि खाली ठळक अक्षरांत: लंघन देऊ नये.