अडलेली धामण

मे महिना संपत आला की ठाण्यात खोदकामांना घाई सुटते. पाऊस यायच्या आत पायाचे खड्डे उरकायचे असतात, सोसायट्यांना कुंपणाकडचा पालापाचोळा काढायचा असतो. धामणी आणि नागाच्या माद्या अंडी घालायला जागा शोधतात तीही नेमक्या याच दिवसांत, याच मातीत आणि याच पाचोळ्यात. साप पकडल्याचे फोन या काळात वाढतात आणि त्यातल्या कितीतरी माद्या गाभण असतात.

घोडबंदर रोडच्या एका साईटवरून आलेली धामण त्यातलीच. वाळूच्या जुन्या गोण्यांची थप्पी हलवताना बिगाऱ्यांना ती दिसली, चांगली सात फुटी, आणि वेटोळ्यात चार पांढरी अंडी. नाग समजून एकानं फावडं उचललंही होतं. सुपरवायझरनं त्याला थांबवलं आणि सर्पमित्राला फोन केला. धामण बिनविषारी, शेताशिवारातले उंदीर खाणारी. पण ती नागाची मादी असते हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की तिच्या वाट्याला नागाचंच मरण येतं. मला याचा दर वेळी संताप येतो.

सर्पमित्र दादा अनुभवी. अंडी उचलण्याआधी त्यांनी प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण केली. सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवायचं नसतं. आतला गर्भ वरच्या बाजूला कवचाला धरून वाढतो, अंडं उलटं झालं तर तो मरू शकतो. वनखात्यात नोंद करून, राहिलेली अंडी ती शांतपणे घालेल म्हणून त्यांनी तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते तिला घेऊन माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात आले.

"मॅडम, पोटात अजून अंडी आहेत. पण कालपासून एकही बाहेर नाही. जोर करते आणि दमून पडते."

टेबलावर घेतली तेव्हा ती फुत्कारलीसुद्धा नाही. धामणीच्या बाबतीत हे वाईट लक्षण. मागचा भाग फुगलेला, खवल्यांमधली कातडी ताणून उघडी पडलेली, आणि पुढच्या भागात पाठीचा कणा बोटाला लागत होता. गाभण सापीण शेवटच्या आठवड्यांत जवळपास खात नाही. अंगातली चरबी आणि मांस अंड्यांत गेलेलं असतं. म्हणजे अंडी घालायची वेळ येते तेव्हाच ती निम्मी खंगलेली असते. त्यात ऐन जोर करताना कुणी उचललं तर ती अंडं धरून ठेवू शकते. मग पाणी कमी पडतं, स्नायू थकतात आणि ती अडते. तिच्या तोंडातली लाळ चिकट, तारा सुटणारी झाली होती.

सोनोग्राफीत पाच अंडी दिसली. बाहेरच्या तोंडाशी होतं ते बाकीच्यांपेक्षा मोठं आणि जागचं हलत नव्हतं. अशा वेळी बोटांनी अंडं मागे सरकवायचा मोह भल्याभल्यांना होतो. कळकळीनं सांगते, तसं करू नका. अंडनलिका फाटते किंवा उलटी होऊन बाहेर येते, आणि मग सापीण वाचवणं फार अवघड होतं. कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शनही मी टाळलं. कासवांना ते चांगलं लागू पडतं, सापांना तेवढं नाही. आणि वाट बंद असताना कळा वाढवल्या तर नलिकाच फुटायची भीती.

आधी सलाईन दिलं, ऊब दिली आणि ओल्या कोकोपीटच्या टबात अंधारात ठेवलं. पुष्कळदा एवढ्यानंच सुटका होते. तिची झाली नाही. सकाळी अंडं तिथंच होतं. आणखी थांबण्यात अर्थ नव्हता, कारण दिवस उलटले की आतला बलक गोठतो आणि तो सुईनं ओढून अंडं लहान करता येत नाही. मग पोट उघडण्यावाचून इलाज राहत नाही.

आयसोफ्लुरेननं भूल दिली. साप बराच वेळ श्वास रोखून धरू शकतो, म्हणून श्वासनळीत नळी घालावी लागते. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच, जबड्याच्या तळाशी उघडमीट करताना स्वच्छ दिसतं. ते उघडलं की नळी सरकवायची. डॉप्लरवर हृदयाचे ठोके ऐकत, पोटाचा रुंद खवला आणि बाजूच्या खवल्यांची पहिली ओळ यांच्या मधून सुई अंड्यात घातली. बलक आटवलेल्या दुधासारखा घट्ट झाला होता. सिरिंज हळूहळू ओढत राहिले, घाईत तो पोटात सांडला तर आत सूज येऊन जीव जातो. ओढता ओढता बोटाखालचा फुगवटा बसत गेला.

शुद्धीवर आल्यावर रात्री उशिरा तिनं ते चपटं झालेलं कवच बाहेर टाकलं. पहाटेपर्यंत उरलेली चारही अंडी आली. पोट रिकामं झाल्यावर ती केवढी बारीक दिसली! दादा टबाजवळून हलले नव्हते.

सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक दर ७२ तासांनी सुरू केलं, तेही शरीराच्या पुढच्या भागात. मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं, म्हणून सापाला शेपटीकडे इंजेक्शन देत नाहीत. ती पोटभर पाणी प्यायली. काही दिवसांनी उंदीर खाल्ला, आणि मी टब उघडला तेव्हा मान फुगवून माझ्या हातावर झेपावली. मला किती बरं वाटलं! पकडलं त्या जागी आता खोल खड्डा होता, म्हणून वनखात्यानं तिला येऊरच्या जंगलाच्या बाजूला सोडलं.

उशिरा आलेल्या चार अंड्यांपैकी एकही उबलं नाही. इतका वेळ अडकलेल्या अंड्यात पिल्लू क्वचितच तगतं. पेन्सिलीची खूण केलेल्या चारांपैकी तीन मात्र दोनेक महिन्यांनी फुटली. फूटभराहून लांब पिल्लं, पहिल्या दिवसापासून चावायला तयार.