जॅक्सन हाइट्समधली आमची सोसायटी

आई पहिल्यांदा आमच्याकडे न्यूयॉर्कला आली, तेव्हा तिने उंच छताकडे पाहिलं नाही की जुन्या ओकच्या जमिनीकडे. बॅग टेकवली आणि विचारलं, "जमीन कोणाच्या नावावर आहे गं?" मुलुंडच्या आमच्या सोसायटीची ती बारा वर्षं सेक्रेटरी होती. कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, बिल्डरकडे तिने किती खेटे घातले ते मी लहानपणी पाहिलंय. "जमीनही सोसायटीची, इमारतही सोसायटीचीच, पहिल्यापासून," असं सांगितल्यावर ती निवांत बसली आणि चहा मागितला.

आमची इमारत क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सची, १९२०च्या दशकातली. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अशा घरांना इथे 'प्री-वॉर' म्हणतात, आणि ते म्हणताना लोकांचा आवाज जरा मऊ होतो. १९१७ साली सात नंबरची मेट्रो गाडी इथवर आली, तोवर हा बराचसा शेतांचा भाग. क्वीन्सबरो कॉर्पोरेशन नावाच्या कंपनीने चौकाच्या कडेने इमारती बांधल्या आणि मधे बाग ठेवली. १९१९पासून ती घरं सहकारी तत्त्वावर विकायला सुरुवात केली. आईला याचं फार अप्रूप वाटलं नाही. मुंबईत गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ची, हे तिला पाठ आहे.

फरक मात्र आहे. इथे आपण फ्लॅट विकत घेतच नाही. इमारत ज्या कॉर्पोरेशनच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, मालकीची असते तिचे शेअर घराच्या आकाराप्रमाणे घेतो आणि त्या शेअरांच्या जोरावर राहायचा भाडेपट्टा मिळतो. दरमहा मेंटेनन्स भरायचा. त्यातच मालमत्ता कर, बॉयलरचं इंधन, कामगारांचे पगार आणि इमारतीवर कर्ज असेल तर त्याचा हप्ता. "आणि सिंकिंग फंड?" हा आईचा दुसरा प्रश्न होता. मोठ्या दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेचा, म्हणजे इथल्या रिझर्व्हचा, आकडा सांगितला तेव्हा तिने मान डोलावली.

विकणारा तयार आणि बँकही तयार, एवढ्याने काम होत नाही. कमिटी, म्हणजे बोर्ड, मुलाखत घेतं. आम्ही दोन वर्षांची करविवरणपत्रं, बँकेचे उतारे आणि ओळखीच्यांची शिफारसपत्रं असा जाडजूड गठ्ठा दिला होता. मुलाखत शेजारच्यांच्या दिवाणखान्यात झाली. चांगली माणसं होती, पण माझे हात गार पडले होते. बोर्डाने नाही म्हटलं, तर कारण सांगणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं. माझ्या मते ते असायला हवं.

घरावर माझा जीव आहे. भिंती प्लास्टरच्या, खिळा धरत नाहीत, म्हणून छताखाली लाकडी पट्टी फिरवलेली असते. तिच्यावर आकडे अडकवून तसबिरी सोडायच्या. आजोबांचा फोटो तिथेच आहे. स्वयंपाकघरात एक बुजवलेलं दार आहे, त्यामागून पूर्वी दोरीच्या छोट्या लिफ्टने सामान वर यायचं आणि कचरा खाली जायचा.

आणि रेडिएटर! तळघरातल्या बॉयलरमधली वाफ ज्या नळीतून वर येते, त्याच नळीतून गार झालेलं पाणी खाली उतरतं. पहिल्या थंडीत मी उष्णता कमी करायला झडप अर्धी बंद केली आणि रात्रभर कोणी हातोडा मारतंय असा आवाज. सुपर, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणारे गृहस्थ, सकाळी येऊन म्हणाले, पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद करा, अर्ध्यावर पाणी अडतं आणि वाफ त्याच्यावर आदळते. तेव्हापासून जानेवारीतही आम्ही खिडकी किलकिली ठेवतो. त्या खिडक्या बदलायच्या म्हटल्या, तरी शहराच्या वारसा आयोगाची परवानगी लागते. १९९३पासून हा भाग ऐतिहासिक म्हणून जपलेला आहे.

खरं वैभव मागच्या बाजूला. रस्त्यावरून काही दिसत नाही. आत गेलं की चौकाच्या मधोमध मोठी झाडं, हिरवळ आणि बाकं. आई रोज चारला तिथे जाऊन बसायची. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावरून पटेल ब्रदर्समधली मेथी आणायची आणि बाकावर निवडायची. दुसऱ्या आठवड्यात तिच्या शेजारी कोलंबियाच्या आणि बांगलादेशच्या आज्या बसलेल्या.

ही बाग सुरुवातीला सगळ्यांसाठी नव्हती. ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना इथे घर घ्यायला मज्जाव होता, आणि निवडक लोकांचा शेजार अशीच तेव्हा या वस्तीची ओळख होती. मुलाखतीत माझे हात गार का पडले ते मला हे वाचल्यावर नीट कळलं. आज याच गल्ल्यांत कितीतरी भाषा कानावर पडतात, पण बागेच्या फाटकाला कुलूप अजून आहे.

जूनमध्ये इथल्या बऱ्याच बागा एक दिवस बाहेरच्यांना पाहायला उघडतात. गेल्या वर्षी फाटकावर माझी पाळी होती. पलीकडच्याच रस्त्यावर अकरा वर्षं राहणाऱ्या एक बाई नातवाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, इथे आत झाडं आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. तो मुलगा हिरवळीवर बूट काढून पळत सुटला.

यंदाच्या वार्षिक सभेसाठी मी विषय लेखी दिलाय: एका दिवसाऐवजी, मे ते सप्टेंबर, महिन्यातून एक रविवार. ठरावाचा मसुदा आईने मुलुंडहून फोनवर तपासून दिला.