मार्शलरची सही मिळेपर्यंत

विमानं उभी राहतात त्या रॅम्पवर नोकरी लागली की दुसऱ्या दिवशी हातात वाँड (खुणा करायची दिव्याची कांडी) येतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मार्शलर म्हणजे हाताच्या खुणांनी विमान जागेवर आणून थांबवणारा. मुंबई विमानतळावर विमानासमोर एकट्याने उभं राहायची परवानगी मिळेपर्यंत मला सात महिने लागले, आणि त्यातले दोन नुसते कागदांत गेले. या कामाला येऊ पाहणारे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

कागदांचं आधी उरकतो. पोलीस पडताळणी, सुरक्षा जागरूकतेचा वर्ग (आमच्या भाषेत एव्हसेक), मग बीसीएएसच्या (नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या) नियमांनुसार मिळणारा एअरपोर्ट एंट्री पास, म्हणजे एईपी. गाडी अडते ती पडताळणीत. आधारवर पत्ता गावचा, राहणं अंधेरीत भाड्याच्या खोलीत, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग तिसरंच. अर्ज करण्याआधी सगळीकडे नाव एकसारखं करून घ्या आणि भाडेकरार नोंदणी केलेला ठेवा. डॉक्टरकडे रंग ओळखणं आणि कान, दोन्ही तपासतात. विमानाला वाट दाखवणारी फॉलो-मी जीप चालवायची असेल तर एअरसाइडचं, म्हणजे विमानतळाच्या आतल्या भागाचं, ड्रायव्हिंग परमिट वेगळं. शिवाय ब्रेथ अ‍ॅनालायझर कुठल्याही शिफ्टला, कोणाचीही चिठ्ठी निघाली तर. आदल्या रात्रीच्या हळदीचा हिशेब पहाटेच्या शिफ्टला द्यावा लागतो.

वर्गात शिकवतात त्या खुणा आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) अ‍ॅनेक्स २ मध्ये ठरवून दिलेल्या आहेत. दोन-तीन दिवसांत पाठ होतात. चुकतं ते डावं-उजवं. ते नेहमी पायलटचं धरायचं. विमान त्याच्या डावीकडे वळवायचं तर माझा उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ, आणि डाव्या हाताने ‘पुढे ये’. मी हे ‘पंख ओढणं’ म्हणून लक्षात ठेवलं. जो पंख पुढे यायला हवा त्या बाजूचा हात हलता, दुसरा खुंटीसारखा स्थिर. हात जितका भरभर, तितकं वळण जास्त. सराव आरशासमोर करू नका, सवय उलटी लागते. एखाद्याला ट्रॅक्टरवर बसवा आणि बजावून सांगा की हात दाखवेल तेवढंच करायचं, समजून घ्यायचं नाही. आपला हात किती मोघम चालतो ते तेव्हा कळतं.

थांबवायच्या खुणा दोन. साधं थांबवताना दोन्ही हात बाजूला ताठ, तिथून सावकाश वर नेत डोक्यावर वाँड एकमेकांवर आणायचे. हात वर चढत असताना पायलट वेग कमी करत येतो आणि वाँड भिडतात त्या क्षणी चाक थांबतं. आणीबाणीत हेच झटक्याने. नवा माणूस घाबरून साधं थांबणंही झटक्याने दाखवतो, मग कॅप्टन ब्रेकवर उभा राहतो. आपल्याकडे चाकं थांबायच्या आधीच निम्मं विमान उठून वरचे कप्पे उघडत असतं, ते सगळे पुढच्या सीटवर आदळतात.

खरं काम मात्र विमान दिसायच्या आधी होतं. मी पंधरा मिनिटं आधी बेवर, म्हणजे विमान उभं राहायच्या आखलेल्या जागेवर, जातो आणि नाकाच्या रेषेपासून शेपटाच्या जागेपर्यंत चालत जाऊन परत येतो, एकदा मधल्या पिवळ्या रेषेवरून आणि एकदा इंजिनं जिथे येणार त्या बाजूने. सापडतं काय? बॅगांची तुटलेली चाकं, झिपचे हूक, बॅगेज टॅगच्या चिकट पट्ट्या, कोनचा तुकडा, आणि बॅगांना गुंडाळतात ते पातळ प्लास्टिक. एअरबस ए३२० च्या इंजिनाचा खालचा ओठ जमिनीपासून जेमतेम अर्धा-पाऊण मीटर वर असतो, तो खालचं सगळं ओढून घेतो. चाक निदान जागेवर पडून राहतं. प्लास्टिक आत्ता शेजारच्या बेवर असतं आणि वारा आला की तुमच्या, म्हणून शेजारचाही बे बघायचा.

त्याच फेरीत बाकीचं. एरोब्रिज पूर्ण मागे आणि त्याची चाकं आखलेल्या चौकटीत आहेत का. बेल्ट लोडर, शिडी, ट्रॉल्या लाल रेषेच्या बाहेर आहेत का. ट्रॉलीची जोडदांडी आत आलेली असते आणि चालक म्हणतो, “गाडी बाहेरच आहे की.” दांडी म्हणजे गाडीच. आयकाओच्या हिशेबाने कोड सी विमानाच्या पंखाच्या टोकापासून शेजारच्या वस्तूपर्यंत किमान ४.५ मीटर मोकळे लागतात, डी पासून पुढच्या मोठ्या विमानांना ७.५. कोड सी म्हणजे पंखांचा पसारा ३६ मीटरच्या आत. शार्कलेटवाल्या (पंखाची टोकं वर वळलेल्या) ए३२० चा पसारा ३५.८० भरतो. बोइंग ७७७-३००ईआरचा ६४.८०, आणि कोड ई ची मर्यादा ६५. दोन्हीकडे वीसच सेंटिमीटर शिल्लक. बनवणाऱ्यांनी विमान बेच्या मापाने बेतलंय हे उघड आहे. म्हणून बे जेवढा आखलाय तेवढाच पुरतो, ‘थोडंसंच आत आहे’ याला जागा नाही.

उभं कुठे राहायचं हे पुस्तकात एका ओळीत असतं: विमानाच्या डाव्या बाजूला, पायलटला दिसेल असं. प्रत्यक्षात विमान माझ्याकडे तोंड करून येतं, म्हणजे मी पिवळ्या रेषेच्या जरा माझ्या उजवीकडे उभा राहतो, कारण कॅप्टन त्या खिडकीत असतो. ए३२० च्या कॉकपिटमधून नाकासमोरची दहा-बारा मीटर जमीन दिसतच नाही. नवशिके रेषा नीट दिसावी म्हणून पुढे सरकत जातात आणि शेवटच्या क्षणी कॅप्टनच्या नजरेखाली गायब होतात. मला त्याचे डोळे दिसत नसतील तर त्याला माझे हात दिसत नाहीत, एवढं धरून चालावं. आणि तो दिसेनासा होईपर्यंत मी उभा असेन तर चूक माझीच.

विमान वळायला लागलं की आधी दोन्ही हात सरळ डोक्यावर, वाँड वर: बे हाच. त्यानंतर घाई नको. कॅप्टन पुढच्या चाकाच्याही पुढे बसलेला असतो, त्यामुळे तो पिवळी रेषा ओलांडून पुढे जातो आणि मग वळतो. ते पाहून वाटतं, चुकला. तिथे लवकर वळवलंत की मुख्य चाकं आतून कापून येतात आणि विमान रेषेला तिरकं लागतं. ७७७-३००ईआरमध्ये नाकाचं चाक आणि मुख्य चाकं यांत ३१ मीटरहून जास्त अंतर आहे, ए३२० मध्ये साडेबारा. मोठ्या विमानाला सरळ व्हायला रेषाही तेवढीच लांब लागते. शेवटच्या दहा मीटरमध्ये नाक थोडं बाजूला राहिलं असेल तर राहू द्या, तिथे केलेली दुरुस्ती शेपटाला पोचत नाही.

थांबवायची रेषा प्रत्येक जातीच्या विमानाची वेगळी असते. नजर नाकावर ठेवायची नाही, पुढच्या चाकावर ठेवायची. ए३२० चं नाक चाकाच्या पाच मीटर पुढे असतं. नाक रेषेवर आलं की नव्या माणसाचे हात आपोआप वर जातात आणि विमान पाच मीटर अलीकडे थांबतं. अलीकडे थांबलं तर एरोब्रिज हलायच्या आत हळूच पुढे घेता येतं. रेषा ओलांडून गेलं तर मात्र विमान स्वतःहून मागे येत नाही. ट्रॅक्टर, टो-बार, माणसं, सगळं आलंच, आणि आतले प्रवासी घड्याळ बघत बसतात. आणखी एक फसवणूक म्हणजे ऐनवेळी बदललेलं विमान. रोस्टरवर ए३२०, समोर ए३२१. ते जवळजवळ सात मीटर जास्त लांब आहे, ४४.५१ विरुद्ध ३७.५७. दोन-तीन मीटर अलीकडे थांबलं तरी शेपूट मागच्या वाहनांच्या रस्त्यावर. म्हणून विमान लांबून येतानाच दारं मोजायची सवय लावा आणि शंका आली तर एप्रन कंट्रोलला विचारा (एप्रन म्हणजे हाच रॅम्प).

चाक थांबलं की उघडा पंजा खांद्याच्या जरा वर, कॅप्टनकडे बघत मूठ वळायची, म्हणजे ब्रेक लाव. त्याचा अंगठा वर आल्याशिवाय जागचं हलायचं नाही. नंतरही पोटाखालचा लाल बीकन विझल्याशिवाय आणि पाती मंदावल्याशिवाय एकही माणूस लाल रेषेच्या आत सोडायचा नाही. लोडर घाईत असतात, त्यांना अडवायचं काम मार्शलरचंच. चॉक, म्हणजे चाकाचा अडसर, आधी नाकाच्या चाकाला. मग हात वर करून वाँडची टोकं आत भिडवायची आणि कॅप्टनने पाहिलं याची खात्री करायची. ब्रेक तापलेले असतील तर मुख्य चाकांकडे पुढून किंवा मागून जायचं, बाजूने कधीच नाही.

गोंधळ होतो तो एपीयू (जमिनीवर वीज देणारं शेपटातलं छोटं इंजिन) बंद असलेल्या विमानाला. जमिनीवरची वीज जोडेपर्यंत कॅप्टन एक इंजिन चालू ठेवतो. बे गजबजलेला असतो, दुसरं इंजिन शांत झालेलं असतं, आणि कानाला मफ असल्याने कुठलं चालू आहे ते ऐकून कळत नाही. ३१ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत, अलाबामातल्या माँटगोमेरीला असंच झालं: एपीयू बंद, एक इंजिन चालू ठेवलेलं, आणि रॅम्पवरची कर्मचारी त्यात खेचली गेली. अशा विमानाची खबर आधी मिळते. तेव्हा मी माणसं गोळा करून एकच विचारतो, “कुठलं इंजिन चालू राहणार?” प्रत्येकाला बोटाने दाखवायला लावतो. ‘दोन नंबर’ म्हटलं की काही जण आपल्याकडून मोजतात, आणि इंजिनांचे नंबर पायलटच्या डावीकडून असतात.

निघतानाचं मुंबईचंच उदाहरण आहे. १६ डिसेंबर २०१५ ला पुशबॅकनंतर, म्हणजे ट्रॅक्टरने विमान मागे ढकलल्यावर, जमिनीवरची माणसं बाजूला झाल्याची खूण मिळण्याआधी एक ए३१९ पुढे सरकलं आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. टो-बार सुटला, ट्रॅक्टर गेला, की नाकाच्या चाकाची बायपास पिन (ढकलताना चाकाचं स्टीअरिंग बंद ठेवते ती) लाल फितीसकट उंच धरून कॅप्टनला दाखवायची, मग सलाम. पिन न दाखवता केलेला सलाम मी मानत नाही. आणि विमानाकडे पाठ करून मोबाइल बघत चालत येणारा तर मला दिसूच नये.

पुष्कळ बेंवर आता भिंतीवरची डॉकिंग यंत्रणा असते. लेझरने विमान ओळखते, अंतर मोजते, आकडे दाखवते. म्हणून मार्शलरची सुट्टी होते असं नाही. आणीबाणीच्या बटणाशी माणूस लागतो. जुलैच्या पावसात लेझरला पाण्याचा पडदाच विमानासारखा दिसतो, आणि जात चुकीची निवडली असेल तर यंत्रणा ओळखायला नकार देते. तेव्हा कॅप्टन जिथे आहे तिथे थांबतो आणि हाताने घ्यावं लागतं. यंत्र आणि माणूस दोघांनी एकाच वेळी खुणा करू नयेत. आधी फलक बंद, मग वाँड वर.

पावसाळी रात्र सगळ्यात वाईट. ओल्या एप्रनवर दिव्यांची प्रतिबिंबं पसरतात आणि पिवळी रेषा पुसल्यासारखी होते. शिवाय रंगवलेल्या जागेवर चाक सरकतं, म्हणून हात लवकर चढवायचे. रेनकोट चमकत्या जॅकेटच्या वर घालू नका, आत घाला किंवा चमकताच घ्या. शिफ्टच्या सुरुवातीला दोन्ही वाँड पेटवून बघा, जोडी ठेवणीत असू द्या. एक वाँड विझला आणि तुम्ही ‘सरळ ये’ करत राहिलात तर कॅप्टनला एकच हात हलताना दिसतो, म्हणजे वळायची खूण. विझला की लगेच थांबवा, बॅटरी नंतर बघू.

आता परीक्षा. लेखी पेपर सोपा, खुणांची चित्रं आणि अंतरं. त्याआधी ओजेटीत, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणात, वरिष्ठ मार्शलर शेजारी उभा राहून विमानं घ्यायला लावतो आणि प्रत्येकाची नोंद वहीत सही करून ठेवतो. त्यात दिवस, रात्र, पाऊस, अरुंद आणि रुंद विमान, सगळं यायला हवं. पावसाळ्यात भरती झालात तर रुंद विमानं कमी पडतात, हिवाळ्यात झालात तर पावसासाठी थांबता. प्रात्यक्षिकाच्या दिवशी परीक्षक हाताकडे फारसं बघत नाही. माझ्या वेळी तो आधी येऊन बेच्या डाव्या इंजिनाच्या जागी बॅगेचं एक काळं चाक ठेवून गेला होता आणि कोपऱ्यात उभा राहून घड्याळ बघत होता. मी ते उचलून त्याच्या हातात दिलं, त्याने खिशात घातलं. तसलीच आणखी दोन-तीन चाकं त्या खिशात होती.