दाढीला फेस येईना, दोष बोरच्या पाण्याचा निघाला

चार महिने मी आधी ब्रशला शिव्या घातल्या, मग क्रीमला. दोन्ही बदलून बघितलं, तरी फेस असा यायचा की गालावर लावेपर्यंत बुडबुडे फुटून नुसतं पांढरं पाणी राहायचं, आन ब्लेड कातडं ओढायचं ते वेगळंच. मे महिन्यात बोरची मोटर जळाली म्हणून पिण्याच्या जारमधलं वाटीभर पाणी घेऊन बसलो, तर तेच क्रीम, तोच ब्रश, आन फेस वाटीच्या बाहेर! बायको म्हणली, आता दाढीला पण जार का?

आपल्याकडं लातुरात बोरचं पाणी लई जड, हीटरच्या रॉडवर पांढरा थर चढतो बघा, तोच प्रकार. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला चिकटून त्याचा चोथा करतं, मग फेसाला साबण उरतोच किती. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं शहर हे, इथं दाढीच्या फेसाचं रडगाणं गायला जरा लाजच वाटते, पण असो.

आता माझी पद्धत. ब्रश डुकराच्या केसाचा आहे, तो कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून ठेवतो (सिंथेटिक असला तर नुसता ओला केला तरी बास), मग दोनदा झटकतो. क्रीम शेंगदाण्याएवढं. वाटीत ब्रश गोल फिरवायचा, दाबायचा नाही, आधी नुसती चिकट पेस्ट होते आन वाटतं बिघडलं, तिथंच लोक भसकन पाणी ओततात. बोटं बुडवून चार थेंबच शिंपडायचे, परत फिरवायचं, परत चार थेंब. हळूहळू त्याला चमक येते, बुडबुडे दिसेनासे होतात, ब्रश वर उचलला की फेसाचा शेंडा उभा राहून जरासा वाकतो, पातळ केलेल्या श्रीखंडासारखा. झालं. गालावर पण घाई नको, कटिंगवाले मामा उगंच एवढा वेळ ब्रश फिरवत नाहीत, केस पाणी पिऊन मऊ पडले की ब्लेड अडत नाही.

शेजारी म्हणले, आमच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी घेऊन जा की, फुकट आहे. नेलं. फेस बोरच्या पाण्यापेक्षा बेकार, कारण गाळलेले सगळे क्षार त्यातच उतरतात. त्यामुळं तोंड धुवायला बोरचं, फेसाला जारमधलं वाटीभर, ते पण बायको आंघोळीला गेली की.